तीन मिनिटं झाली, वाढवू?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला तुम्ही काढलेली चार पानी पुरवणी मी दोनदा वाचली. एकदा मनातल्या मनात, आणि एकदा मोठ्याने, इथल्या, चिपळूणच्या पेठमापातल्या बाईंसाठी. बाई ८६ वर्षांच्या. मी ५९, म्हणजे तुमच्या पुरवणीच्या उंबऱ्यावर उभी. अजून आत घेतलेलं नाही. पत्र दोनशे शब्दांत लिहा असं तुम्ही पानाच्या तळाशी छापता, ते मी पाहिलं आहे. पण मी टेलिफोन ऑपरेटर होते. ट्रंक कॉलवर, म्हणजे आम्ही जोडून दिलेल्या परगावच्या फोनवर, दोन माणसं जिवाभावाचं बोलत असताना मध्ये घुसायचं आणि 'तीन मिनिटं झाली, वाढवू?' असं विचारायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. समोरचा बहुधा 'वाढवा' म्हणायचा. आज माझी पाळी आहे, तेव्हा तुम्हीही वाढवा.

पुरवणीच्या पहिल्या पानावर ठसठशीत मथळा होता, 'वय हा फक्त आकडा'. आत चिरतरुण आजोबा, दुसरी इनिंग, नातवाबरोबर नाचणाऱ्या आजी. बाई हायस्कुलात गणित शिकवून १९९७ साली निवृत्त झाल्या. त्यांना तो मथळाच झोंबला. "फक्त आकडा? आकड्यापेक्षा खरं आणखी काय असतं गं?" मग महर्षी कर्व्यांचं उदाहरण आलं. अण्णा आमच्याच बाजूचे, जन्म इथून जवळ शेरवलीचा, गाव मुरूड. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढण्यासाठी नवं मंडळ काढलं आणि पुढे १०४ वर्षं जगले. सगळं खरं. बाई म्हणाल्या, "कर्वे एकच झाले. त्यांचं नाव घेऊन बाकीच्या म्हाताऱ्यांना किती वर्षं रागावणार आहात? माझ्या गुडघ्याला तेल कोण लावणार तेवढं लिहा म्हणावं."

तिसऱ्या पानावर एका चौकटीत अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांचं २००२ सालचं संशोधन होतं. ओहायो राज्यातल्या एका गावातली पन्नाशीपुढची ६६० माणसं. म्हातारपणाबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं ती, वाईट मत असणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. मला ते वाचून जरा बरं वाटलं होतं. बाईंनी मला तिथेच थांबवलं. "किती म्हणालीस?"

"साडेसात."

"म्हणजे साडेसाती."

आम्ही इतक्या हसलो की बाईंना पाणी द्यावं लागलं.

पण संपादक महाशय, हसून झाल्यावर मी घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले, ते पुरवणीतल्या शेवटच्या पानामुळे. तिथे एका वाचकाने सूचना केली आहे की, प्रत्येक शहरात ज्येष्ठांसाठी स्वतंत्र बाग असावी, तिला कुंपण असावं आणि मुलांना, तरुणांना आत सोडू नये, म्हणजे ज्येष्ठांना शांतपणे बसता येईल. तुम्ही त्या सूचनेला 'स्वागतार्ह' म्हटलं आहे. मला ती ऐकून धडकी भरली. मला म्हातारपणाची फार भीती वाटते. वाटायची म्हणू की वाटते म्हणू, ते नक्की सांगता येत नाही. पण ती जी काही थोडी उतरली आहे, ती कुंपणाच्या आत बसून उतरलेली नाही.

३१ जानेवारी २०२० रोजी आमच्या खात्यातून, म्हणजे बीएसएनएलमधून, ७८ हजारांहून जास्त माणसं एका दिवसात स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडली. त्यातली मी एक. वय ५३. लोकांनी पेढे दिले, नारळ दिला, शाल दिली. शाल खांद्यावर पडली त्या क्षणी मला सासूबाई आठवल्या. त्या २०१४ ते २०१८ अशी चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, दोन तासांनी पाणी, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर, सगळं मी केलं. ड्यूटी सांभाळून केलं. नातेवाईक आजही सांगतात, सून असावी तर अशी. त्या गेल्या आणि त्यांची खाट रिकामी झाली, पण माझ्या डोक्यातून ती खाट हलेना. रात्री कूस बदलली की वाटायचं, आता ह्या खाटेवर माझा नंबर.

मग टाळेबंदी आली. घरात बसून माणूस स्वतःचे हात बघतो. मी बघितले.

नोव्हेंबर २०२० मध्ये मी पहिल्यांदा हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले. ५४ व्या वर्षी 'मी जिवंत आहे' असं लिहून द्यायचं, गंमतच. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, रांगेत सहा-सहा फुटांवर गोल. माझ्या पुढच्या गोलात एक उंच, किरकोळ अंगाची म्हातारी उभी होती. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "आजी, सही जुळत नाही."

"जुळणार कशी? ती सही ५८ वर्षांच्या बाईने केली होती. आता ८१ वर्षांची आली आहे. दोघींना एका वेळी कुठून आणू?"

मी जागच्या जागी उडाले. बाईंच्या उत्तरामुळे नव्हे, आवाजामुळे. चेहरा मास्कमागे होता आणि तसाही मी तो पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. पण हा आवाज मला पाठ होता. १९८७ साली मी नोकरीला लागले तेव्हा अजून ट्रंक बुक करायची पद्धत होती. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की दीडच्या सुमाराला हायस्कूलच्या ऑफिसातून कॉल यायचा. "ट्रंक का? मुंबई लावा. पीपी." पीपी म्हणजे ठरावीक माणसालाच बोलवायचं. आकडे असे सावकाश, सुटे सुटे सांगायच्या की पाटीवर लिहून देतायत असं वाटावं. मुंबईला चाळीखालच्या वाण्याकडे फोन होता आणि शनिवारी दीड वाजता त्यांचे यजमान तिथे येऊन उभे राहायचे. बोलणं म्हणाल तर तांदूळ किती राहिले, कौलं शाकारून घेतली का, मनीऑर्डर पोचली का. ऑपरेटरने ऐकायचं नसतं, पण लाइन चालू आहे ना हे बघायला कान लावावाच लागतो. शेवटची दहा-पंधरा सेकंदं दोघंही गप्प असायचे. ठेवायचं कुणीच नाही. मग मी म्हणायचे, तीन मिनिटं झाली, वाढवू? "नको नको, ठेवते." इतक्या वर्षांत एकदाही वाढवला नाही. १९८९ च्या एका शनिवारी मीच तोंड उघडलं नाही. सात मिनिटं झाली असतील, बिलाच्या तिकिटावर तीनच लिहिली. गुन्हा आहे. आता पेन्शन कापायची तर कापा.

तर बँकेत मी मागून म्हटलं, "मुंबई लावू का? पीपी?"

बाई वळल्या. दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, तू ती! ती सात मिनिटंवाली!" त्यांनी त्या दिवशी शाळेच्या घड्याळात बघितलं होतं. गणिताची बाई, बघणारच.

पुढचं सांगायच्या आधी एक अडचण. ह्या बाई माझ्या कोण, हे सांगायला मराठीत मला शब्द सापडलेला नाही. आपल्याकडे वयाने मोठी बाई दिसली की ती ताई, वहिनी, मावशी, काकू, आजी ह्यांपैकी काहीतरी होते. नातं लावल्याशिवाय आपण बोलायलाच लागत नाही. त्यात आपुलकी आहे, नाही असं नाही. पण आजी म्हटलं की पाया पडायचं, औषध विचारायचं, आशीर्वाद घ्यायचा आणि निघायचं. आजीशी भांडता येत नाही, आजीची टिंगल करता येत नाही. एकदा एका लग्नात बाईंनी माझी ओळख करून दिली, "ही माझी मैत्रीण." समोरच्या बाई गोड हसल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "छान सांभाळता हो तुम्ही आजींना." मी सांभाळत नव्हते. पंगतीत जिलबी संपत आली होती आणि आम्ही दोघी वाढप्याला कसं गाठायचं ते ठरवत होतो.

बाईंनी मला तीनदा सांगून बघितलं की मला 'अगं' म्हण. जमलं नाही. जीभ वळत नाही. मी त्यांना 'बाई' आणि 'तुम्ही', त्या मला 'तू'. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं.

आता वहीबद्दल. बाईंच्या घरी एक लांबट, लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही आहे. मधोमध उभी रेघ. डावीकडे गेलं काय, उजवीकडे त्याच्या बदली आलं काय. नाव, वजाबाकीची वही. थोड्या नोंदी त्यांच्या परवानगीने देते.

'१४ मार्च २०१६. पाटावर बसून जेवणे बंद.' समोर, 'टेबल, २१०० रुपये. महाग पडले.'

'२०१७, दिवाळी. चकल्या घरी करणे बंद.' समोर, 'विकतच्या. बऱ्या असतात, कबूल करवत नाही. सोऱ्या शेजारी देऊन टाकला.'

'९ जून २०१८. रात्री जिना उतरणे बंद.' समोर, 'खाली झोपणे. पहाटेचा भारद्वाज इथून जास्त ऐकू येतो.'

'२०१९. सुईत दोरा ओवणे बंद.' समोर, 'शेजारचा पोरगा. एका सुईला एक लिमलेटची गोळी. पोरगा लबाड आहे, दोन मागतो.'

काही नोंदींसमोर उजवीकडे काहीच नाही. 'बरोबरीच्या शेवटच्या शिक्षिका गेल्या', त्यासमोर कोरं. मी विचारलं, इथे काय? त्या म्हणाल्या, "नाही आलं काही. प्रत्येक वजाबाकीत हातचा मिळतोच असं नाही." ह्या वहीत कुठेही रडगाणं नाही आणि कुठेही 'मी अजून तरुण आहे' असंही नाही. मी इतकी वर्षं म्हातारपणाकडे एक मोठा काळा दरवाजा म्हणून बघत होते. एक दिवस तो उघडणार आणि आत ती खाट. बाईंच्या वहीत दरवाजा नव्हता. टेबल होतं, सोऱ्या होता, लिमलेटची गोळी होती. एका वेळी एक गोष्ट जाते आणि तिची तारीख असते. तारीख घातली की तिच्याशी बोलता येतं, निदान बाईंना येतं.

शरीराचं त्या काही लपवत नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "शिंक आली की काय होतं ते तुला दहा वर्षांनी कळेल, आत्ताच सांगून ठेवते." मी म्हटलं, "बाई, मला पाच वर्षांपूर्वीच कळलंय." हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं, आणि आज तुमच्या पेपरात लिहिते आहे. (हे वाक्य कापलंत तरी चालेल. पण कापू नका.)

आमचं भांडणही झालं आहे, आणि तेच खरं सांगायचं आहे. २०२२ चे गणपती होते. मी नेहमीप्रमाणे सासूबाईंचं सांगत होते, किती केलं, कसं केलं. बाई ऐकून घेत होत्या. मध्येच म्हणाल्या, "केलंस खरं. बोलत होतीस का त्यांच्याशी?"

मी काही न बोलता पिशवी उचलली आणि घरी आले. तीन आठवडे गेले नाही. राग बाईंचा नव्हता. मी आठवून आठवून बघितलं, चार वर्षांत मी त्यांच्याशी काय बोलले? 'आ करा.' 'जरा वळा.' 'दुखतंय का?' 'झालं.' दार उघडं असायचं, रेडिओ चालू असायचा आणि मी पुढच्या कामाचा विचार करत असायचे. लाइन जोडून दिली आणि कान काढून घेतला. त्यांना लहानपणी काय आवडायचं हे मला माहीत नाही. त्यांना कशाची भीती वाटत होती, तेही नाही. मला जी खाट दिसायची तिच्यात मी खिळलेली असायचे, दुखत असायचं, हे तर होतंच. पण नीट बघितलं तर त्या चित्रात कुणी बोलत नव्हतं. भीती त्याची होती. आणि ते चित्र मीच काढलेलं होतं.

तीन आठवड्यांनी दुपारी दीडला घरातला लँडलाइन वाजला. तो मी जुन्या खात्याच्या प्रेमापोटी ठेवलाय, एरवी वाजत नाही. "ट्रंक का? पेठमाप बोलतेय. पीपी लावा." मी म्हटलं, "कोणाला?" त्या म्हणाल्या, "जिला राग आलाय तिला." दोघीही मग थोडा वेळ गप्प होतो. बिल लावायला कुणी नव्हतं.

आता पोरीबद्दल. आमच्यात एक तिसरी आहे, आणि कुंपणाच्या बागेला माझा विरोध आहे तो मुख्यतः तिच्यामुळे. २२ जुलै २०२१ चा महापूर तुम्ही छापला होता, फोटोसकट. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, चिंचनाका, मुरादपूर, पेठमाप, सगळं पाण्याखाली. १८६४ साली सुरू झालेल्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या पुस्तकांचा लगदा झाला. बाईंनी ती रात्र शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ. कुठकुठून पोरं मदतीला आली होती, फावडी आणि घमेली घेऊन. त्यात जवळच्याच गावातली एक होती, तेव्हा तेविशीची. तिने गाळातून ती लाल वही ओढून काढली आणि विचारलं, "आजी, ही टाकू का?"

"टाकतेस काय! माझं अख्खं म्हातारपण आहे ते."

पोरीने वही पत्र्यावर वाळत घातली आणि वाळवता वाळवता वाचली. दुसऱ्या दिवशी घमेलं ठेवून थेट विचारलं, "ए बाई, सोऱ्या कुणाला दिलास गं?" मला इतक्या दिवसांत जे जमलं नव्हतं, ते तिला एका रात्रीत. बाईंना केवढा आनंद झाला होता! मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

ही पोरगी चिंचनाक्यावर मोबाइलच्या दुकानात कामाला जाते आणि पोलीस भरतीची तयारी करते. तुम्हाला म्हातारपणाची भीती बघायची असेल तर ज्येष्ठ नागरिक संघात जाऊ नका, पहाटे साडेपाचला भरतीवाल्या पोरांच्या मैदानावर या. तिथे एकच वाक्य ऐकू येतं, 'वय निघून चाललंय.' शिपाई भरतीला खुल्या गटाची मर्यादा २८. पोरगी आता २७ची. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने सुमारे १५ हजार पदांना मंजुरी दिल्याचं आलं तेव्हापासून तिची झोप उडाली आहे. ही एकच भरती तिच्या हिशेबात उरली आहे. एकदा संध्याकाळी बाईंच्या ओटीवर बसून ती ढसाढसा रडली, "वय गेलं माझं." सत्तावीस! बाईंनी तिला रडू दिलं, मग म्हणाल्या, "जातं कुठे? मी ८६ची आहे, माझं सत्तावीस माझ्याकडेच आहे की. एक वर्ष हरवलेलं नाही." पोरीला ते पटलं की नाही देव जाणे. पण नाक पुसून तिने शेकडेवारीचं पुढचं उदाहरण घेतलं.

कारण बाई तिला अंकगणित शिकवतात. लेखी परीक्षेत अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असते, मराठी व्याकरण असतं, आणि सामान्य ज्ञान-चालू घडामोडी असतात. व्याकरण बाईच घेतात आणि ओरडतात. चालू घडामोडी माझ्याकडे, म्हणजे तुमचा पेपर मोठ्याने वाचणं. मैदानीसाठी मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. पहाटे मी बाईंना रिक्षाने मैदानावर नेते. बाई पायरीवर उशी घालून बसतात, मनगटात यजमानांचं किल्लीचं एचएमटी घड्याळ, आणि पोरगी वळणावरून आली की ओरडतात, "हात खाली! हात खाली!" वेळ लिहायला दुसरी वही नव्हती म्हणून तीच लाल वही उलटी करून मागून सुरू केली. पहिली नोंद ३ मिनिटं ४६ सेकंद. परवाची ३ मिनिटं ९. पोरगी म्हणते, "ए बाई, तुझी वजाबाकी पुढून आणि माझी मागून. मध्ये गाठ पडली की वही संपली." बाई मधली कोरी पानं मोजतात. अठ्ठावीस उरली आहेत.

आता सांगा, त्या कुंपणाच्या बागेत हे घड्याळ कुणाला लावायचं? २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात साठीपुढची माणसं एक कोटी ११ लाखांच्या घरात होती, आता किती तरी जास्त असतील. एवढ्या सगळ्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसवायचं? शांतता हवी असते, मान्य. मलाही क्रिकेटचा चेंडू डोक्याला लागलेला आवडत नाही. पण मैदानाच्या कडेला सावली द्या, पाठ टेकता येईल असा बाक द्या, आणि जवळ एक स्वच्छ मुतारी द्या, बायकांसाठीसुद्धा. शिंकेचं मी वर लिहिलंच आहे. बाकी फाटक नको.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघी एसटीने गुहागरला गेलो. पंच्याहत्तरीपुढे २०२२ पासून एसटी फुकट आहे, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे बाई शून्य, मी अर्धी, पोरगी अर्धी. बाईंनी कंडक्टरला गाडी सुटायच्या आत हिशेब सांगितला, "तीन बायका, मिळून एक तिकीट." तो बिचारा मशीनकडे बघत राहिला. समुद्रावर बाईंना पाण्यात जायचं होतं. पुळणीत पाय रुततो, तोल जातो, म्हणून मी नको म्हणत होते. पोरीने मला विचारलंही नाही, एक हात धरला, दुसरा मला धरायला लावला. घोट्याएवढ्या पाण्यात बाई दहा मिनिटं उभ्या होत्या. परत येताना दमल्या, दोन दिवस पाय सुजले. वहीत नोंद आहे, '११ मे २०२५. समुद्रात एकटीने जाणे बंद.' समोर, 'दोघींना धरून. जड आहेत दोघी.'

माझी भीती गेली का? नाही. बाईंना अलीकडे विसरायला होतं. परवा मला माझ्याच आईचं नाव विचारलं, जे त्यांनी मला शंभर वेळा सांगायला लावलं आहे. घरी येऊन मी पंखा न लावता बसून राहिले. पण दुसऱ्या दिवशी गेले, आणि बोलले. त्या दिवशी बाईंनी मला त्यांच्या लहानपणीच्या विहिरीबद्दल सांगितलं, जे मी पूर्वी ऐकलेलं होतं. मी पुन्हा ऐकलं. कान काढला नाही.

माझं नाव छापू नये. गावात सगळे ओळखतात, आणि ते १९८९ चं प्रकरण आहेच.

जाता जाता बाईंचा निरोप, त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगितला आहे. रविवारच्या शब्दकोड्याची सूत्रं मुंगीच्या पायांएवढी छापता, ती मोठी करा. २०२२ पासून ती वाचणं वहीत डावीकडे गेलं आहे, पोरगी वाचून दाखवते, आणि तिला जोडाक्षरं अडतात. जागा कमी पडत असेल तर 'वय हा फक्त आकडा'चा मथळा लहान करा. शिवाय २१ सप्टेंबरच्या कोड्यात आडवं सतरा चुकलं आहे. सूत्रात सहा अक्षरं म्हटलं आहे आणि घरं पाचच आहेत. पोरीने पेनाने एक घर वाढवून सोडवलं.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, चिपळूण